रीफ टँकमधला चिकटवलेल्या वाळूचा तळ पुन्हा पुन्हा उखडतोय? आधी पोपडा उलटा करून बघा

रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळ (कोरल) ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक, लावून पाच-सहा महिने झालेले असतात. कोरल स्थिरावलेले असतात, पाणी स्वच्छ असतं, आणि एके दिवशी ओव्हरफ्लोच्या (टँकमधून पाणी बाहेर वाहायच्या वाटेच्या) जाळीत वाळूचे चार-सहा कण अडकलेले दिसतात. आठवड्याभराने पॉवरहेडच्या (पाण्यात प्रवाह सोडणाऱ्या पंपाच्या) समोर तळावर नखाएवढा पांढरा डाग उघडा पडतो. महिन्याभरात तो तळहाताएवढा होतो. मग टँक अर्धा रिकामा करायचा, ती जागा सुकवायची, नवीन एपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून कडक होणारा गोंद) लावून वाळू पेरायची, आणि पुढच्या पाच महिन्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात तेच.

माझे दोन वेगवेगळे तळ वाया गेले, पहिला असे पोपडे निघून आणि दुसरा शीटखालच्या पाण्यामुळे. तिसरा तळ तीन वर्षं टिकून आहे. तिन्हींमध्ये वाळू एकाच प्रकारची होती आणि एपॉक्सीही तीच होती. बदललं ते वाळूच्या खालचं सगळं. म्हणून या लिखाणात गोंदापेक्षा शीट आणि तिच्या खालची जागा यांवर जास्त बोलणार आहे.

ज्यांनी हा प्रकार केलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ॲक्रोपोरासारख्या कोरलना जोरदार प्रवाह लागतो. तेवढा प्रवाह सोडला की मोकळी वाळू उडते, एका कोपऱ्यात ढीग होतो, दुसरीकडे काच उघडी पडते आणि उडालेली वाळू कोरलवर बसते. वाळू काढून टाकली तर प्रवाह हवा तेवढा देता येतो आणि गाळ साचत नाही, पण तळाची काच डोळ्यांत खुपते. मधला मार्ग म्हणजे प्लास्टिकच्या शीटवर ॲरॅगोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू कायमची चिकटवून ती शीट तळाला बसवायची. व्यवस्थित जमलं तर हातभर अंतरावरून ती चिकटवलेली आहे हे ओळखू येत नाही.

आता निदान.

पोपड्याची मागची बाजू

सुटलेला तुकडा फेकू नका. गोड्या पाण्याने धुवा, सुकवा, उलटा करून उजेडात तिरपा धरा. जे दिसेल त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

मागची बाजू गुळगुळीत आणि चकचकीत असेल, अगदी शीटचा ठसा उमटल्यासारखी, तर एपॉक्सीने शीटला कधी धरलंच नव्हतं. एपॉक्सी चांगली होती, वाळूही तिला चांगली चिकटली होती, पण दोघींची मिळून एक पातळ पोळी झाली होती आणि ती शीटवर नुसती पडून होती. पॉलिश पेपरचे ओरखडे त्या पोळीच्या मागे उमटलेले दिसले तरी अर्थ बदलत नाही. एपॉक्सी ओरखड्यांत शिरली आणि तशीच बाहेर आली.

अख्खा पोपडा न सुटता कण एकेक करून सुटत असतील आणि मागे शीटवर बारीक खळगे राहत असतील, तर शीट आणि एपॉक्सीचं नातं ठीक आहे. बिघाड वाळूत आहे. वाळूवर पीठ होतं, ती ओलसर होती किंवा एपॉक्सी घट्ट व्हायला लागल्यावर ती पेरली गेली. खळगा भिंगाखाली बघितलात तर त्याच्या तळाशी पांढरी पूड दिसते. हे वाळूवरच्या पिठाचं लक्षण.

तिसरी शक्यता. पोपड्यावर नख दाबलं तर नखाची खूण राहते, किंवा तो मोडण्याऐवजी चामड्यासारखा वाकतो. याचा अर्थ मिश्रणाचं प्रमाण चुकलंय. हा तळ दुरुस्त करत बसू नका, टँकबाहेर काढा. न जुळलेला हार्डनर पाण्यात उतरत राहतो आणि त्याचा त्रास कोरलना होतो.

माझा पहिला तळ पहिल्या प्रकारचा होता. पांढरी एचडीपीईची शीट घेतली होती, भाजी चिरायचे जाड प्लास्टिकचे पाट ज्याचे करतात ते प्लास्टिक. समुद्राच्या पाण्यात ते सडत नाही, त्यातून काही उतरत नाही, करवतीने सहज कापता येतं. दोष एवढाच की त्याला जवळपास काहीच चिकटत नाही. त्याचा पृष्ठभाग मेणचट असतो आणि एपॉक्सी त्यावर नीट पसरतच नाही. घासून खरखरीत केलं तरी फार फरक पडत नाही. कारखान्यात अशा प्लास्टिकवर चिकटवण्याआधी ज्योत फिरवून पृष्ठभाग बदलतात. घरी ब्लो टॉर्चने ते जमवणारे आहेत, पण ज्योत एका ठिकाणी जरा जास्त थांबली की शीट वितळून वाकते, आणि जिथे कमी पडली तिथे पुढे पोपडा निघणार हे ठरलेलं.

त्यात दुसरी भर तापमानाची. एक मीटर एचडीपीई एका अंश सेल्सिअसला साधारण ०.१ ते ०.२ मिमी वाढते किंवा आकसते. काच तेवढ्याच फरकाला ०.००९ मिमीच्या आसपास हलते. हिटर बंद पडला, थंड पाणी घालून पाणीबदल केला, उन्हाळ्यात दुपारी पाणी तीन अंशांनी चढलं, दर वेळी खालची शीट सरकते आणि वरची एपॉक्सीची कडक पोळी तिच्याएवढी हलत नाही. आधीच कच्ची असलेली पकड अशा रोजच्या ओढाताणीत सुटत जाते.

पुढचा भाग मला तेव्हा अजिबात कळला नव्हता. एचडीपीई पाण्यापेक्षा हलकी असते. घनता ०.९५ च्या आसपास आणि समुद्राच्या पाण्याची १.०२५. माझी शीट ९० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि ६ मिमी जाड होती, म्हणजे जवळजवळ २.४ लिटर आकारमान. नुसती शीट पाण्यात सोडली तर ती सुमारे १८० ग्रॅमच्या जोराने वर यायला बघते. वाळू चिकटवल्यावर तिचं वजन वाढलं आणि ती छान खाली बसली. पण वाळू पोपड्या-पोपड्याने सुटत गेली तशी ती बाजू हलकी होत गेली. सातव्या महिन्यात मागचा डावा कोपरा बोटभर वर उचलला गेलेला दिसला, आणि त्या फटीतून एक काळपट धागा हळूहळू बाहेर येत होता. मला वाटलं शेवाळ असेल. ते शीटखालचं पाणी होतं.

शीटखालचं पाणी

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि वाळू चिकटवण्याच्या धांदलीत नेमका तोच राहून जातो. शीट आणि टँकची काच यांच्या मध्ये कागदाएवढी का होईना फट राहतेच. तिच्यात पाणी जातं आणि पाण्याबरोबर गाळ जातो. आत प्रवाह नाही, त्यामुळे जिवाणू तिथला ऑक्सिजन संपवतात. त्यानंतर सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचं राज्य सुरू होतं, आणि समुद्राच्या पाण्यात सल्फेटला तोटा नाही. त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. काचेच्या खालून बघितलं तर काळे डाग दिसतात, आणि शीट हलवली की सडक्या अंड्यांचा वास येतो.

हे टाळायला बरेच जण दुसऱ्या तळाच्या वेळी मी केलं तेच करतात, चारी कडांनी सिलिकॉन भरून शीट सीलबंद करतात. मी ॲक्रिलिकची शीट घेतली होती. एपॉक्सी तिला उत्तम धरते, पाण्यात ती बुडते, दिसायला तळ पहिल्यापेक्षा कितीतरी सुंदर झाला. एक वर्ष काहीही झालं नाही. मग त्याच काळ्या डागांनी सुरुवात.

झालं असं की सिलिकॉन काचेला जितकं घट्ट धरतं तितकं ॲक्रिलिकला धरत नाही. ॲक्रिलिक पाणी शोषून किंचित फुगतं. वरून एपॉक्सीचा थर आणि खालून कोरडी पोकळी असल्यावर दोन्ही बाजू सारख्या फुगत नाहीत आणि शीट वाकायला लागते. कडेचं सिलिकॉन कुठेतरी केसभर सुटलं. त्या केसभर फटीतून पाणी आत गेलं, पण बाहेर यायला वाट नव्हती. सीलबंद पोकळीला एक टाचणीएवढं भोक पडणं हे उघड्या फटीपेक्षा वाईट.

मग कुणी सांगतं की शीटखाली पूर्ण सिलिकॉन पसरा, पोकळी उरणारच नाही. ऐकायला बरोबर वाटतं, पण सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने सुकतं, कडेकडून आत, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर. काच आणि प्लास्टिकच्या मध्ये दाबलेल्या ४५ सेंमी रुंद थराच्या मध्यापर्यंत तो ओलावा पोचायला किती दिवस लागतील याचा हिशोब करा. महिन्यानंतरही मधलं सिलिकॉन ओलं असतं आणि व्हिनेगरचा वास येत राहतो. असा तळ पुन्हा काढायचा म्हटलं तर टँकची तळकाच पणाला लावावी लागते.

आता शीट आतमध्ये आहे आणि खाली काळं दिसतंय अशी तुमची स्थिती असेल, तर ती झटक्याने उचलू नका. खालचं पाणी एकदम टँकभर पसरलं तर मासे दगावू शकतात. आधी २५ टक्के पाणीबदलाएवढं खारं पाणी त्याच तापमानाला तयार ठेवा. सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) जोरात चालू करा. हायड्रोजन सल्फाइड भरपूर ऑक्सिजन असलेल्या पाण्यात लवकर निष्प्रभ होतो, त्यामुळे हवा हाच इथला खरा बचाव. मग उचललेल्या कोपऱ्यात बारीक नळी घाला, आतलं काळं पाणी सायफनने बादलीत काढा आणि नळी चालू असतानाच शीट हळूहळू वर करा. दोन माणसं असली तर बरं. एकाने फक्त नळी सांभाळायची.

उचलता येईल असा तळ

या दोन अनुभवांनंतर माझं ठाम मत झालंय की जो तळ टँक रिकामा न करता बाहेर काढता येत नाही तो बसवूच नये. तिसऱ्या तळाची सगळी आखणी मी या एका अटीवर केली.

पहिला बदल खडकांचा. आधी मी शीट घालून तिच्यावर लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री खडक) रचायचो, त्यामुळे शीट खडकांखाली कायमची गाडली जायची. आता खडक थेट टँकच्या काचेवर उभे आहेत, जिथे टोक टेकतं तिथे खाली प्लास्टिकची लहान चकती आहे. वाळूचे तुकडे खडकांच्या भोवताली आहेत. कार्डबोर्डवर खडकांच्या बुंध्याचा आकार काढला, कात्रीने कापून टँकमध्ये बसवून बघितला, तीन वेळा दुरुस्त केला आणि मग तोच आकार शीटवर उतरवला. सगळा तळ चार तुकड्यांत आहे. प्रत्येक तुकडा एका हाताने उचलता येतो आणि टँकच्या वरच्या पट्ट्यांमधून बाहेर निघतो. हे दुसरं माप आधी घ्यायला विसरू नका. तळाएवढा तुकडा वरून आत जातच नाही हे टँकशेजारी उभं राहून कळण्यात अर्थ नाही.

शीट भरीव पीव्हीसीची घेतली, ५ मिमी जाड. भरीव पीव्हीसीची घनता १.४ च्या आसपास असते, म्हणजे ती आपली आपण बुडते. एपॉक्सी तिला चांगली धरते आणि ॲक्रिलिकसारखी ती वाकत नाही. इथे एक फसगत होते: पाट्या आणि फर्निचरसाठी मिळणारी फोम पीव्हीसी दिसायला अगदी तशीच असते, पण आतून सच्छिद्र असते आणि बुचासारखी तरंगते. एक छोटा तुकडा पाण्याच्या ग्लासात टाकून बघा. बुडला तर घ्या.

तुकडे काचेला चिकटवलेले नाहीत. खाली दोन मिलिमीटर उंचीच्या पीव्हीसीच्या बारीक टिकल्या आहेत, म्हणजे तुकडा काचेला चिकटून बसत नाही आणि उचलताना सहज सुटतो. गाळ खाली जातो, आणि तो जाणार हे मी मान्य केलंय. दर सहा-आठ आठवड्यांनी पाणीबदलाच्या दिवशी एक तुकडा उचलतो, खाली नळी फिरवतो, परत ठेवतो. पुढच्या वेळी दुसरा. पाच मिनिटांचं काम आहे. तीन वर्षांत एकदाही काळा डाग दिसलेला नाही.

वाळू चिकटवताना

शीट ८० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही दिशांनी घासा, चकाकी कुठेच उरू नये. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर उघड्या हाताने स्पर्श करू नका.

वाळू पाणी गढूळ यायची थांबेपर्यंत धुवा आणि पूर्ण वाळवा. पूर्ण म्हणजे खरंच पूर्ण. मूठभर वाळू काचेच्या बरणीत घालून झाकण लावा आणि बरणी उन्हात ठेवा. आतून काचेवर दव धरलं तर ती अजून ओली आहे. कोरड्या वाळूतून हात फिरवून बघा. बोटांना पांढरी पूड लागत असेल तर पुन्हा धुवा.

एपॉक्सी द्रावक न मिसळलेली घ्या. पॉलिएस्टर रेझिन नको, त्यात स्टायरीन असतं. प्रमाण डब्यावर वजनाचं दिलंय की आकारमानाचं ते नीट वाचा. रेझिन आणि हार्डनरची घनता वेगळी असते, त्यामुळे आकारमानाचं प्रमाण वजनाने मोजलं तर मिश्रण चुकतं, आणि मऊ पोपड्याचं हे नेहमीचं कारण. एका कपात तीन मिनिटं कडा खरवडत ढवळा, मग सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळा. पहिल्या कपाच्या भिंतीला न मिसळलेलं रेझिन चिकटून राहतं. ते तळावर गेलं की तिथे कधीच न सुकणारा चिकट पट्टा उरतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. एपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर राहते.

थर एक मिलिमीटरच्या आत ठेवा आणि लगेच वाळू पेरा. भीत भीत चिमटीने नाही, चांगला बोटभर ढीग घाला. वर बटर पेपर ठेवून तळहाताने सगळीकडे दाबा आणि २४ तास हात लावू नका. एपॉक्सी आपल्याला हवे तेवढे कण धरून ठेवते. बाकीचे दुसऱ्या दिवशी झटकून परत डब्यात भरा.

दुसरा हात द्यायचा असेल तर दमट हवेत एक गोष्ट घात करते. बऱ्याच एपॉक्सी सुकताना त्यांच्यावर मेणासारखा अगदी पातळ थर येतो. हार्डनरमधलं अमाइन हवेतल्या कार्बन डायऑक्साइड आणि ओलाव्याशी जोडलं जाऊन तो बनतो. डोळ्यांना फारसा दिसत नाही, बोट फिरवलं तर तेलकट लागतं. त्यावर दुसरा थर दिला तर तो थर या मेणावर बसतो, एपॉक्सीवर नाही. कोमट पाण्याने आणि घासणीने तो धुवून निघतो. आधी पॉलिश पेपर मारू नका, मेण ओरखड्यांत भरलं जातं. आधी धुवा, वाळवा, मग घासा.

पाणी दुधाळ, स्किमर उतू जातोय, कोरल मिटलेत

नवीन तळ घातल्यावर पहिल्या दोन दिवसांत हे झालं तर कारण जवळजवळ नक्की एकच, एपॉक्सी पुरती पिकलेली नाही. हाताला कडक लागणं आणि पूर्ण पिकणं यांत बरंच अंतर आहे. २५ अंशांना बहुतेक एपॉक्सींना सात दिवस लागतात. थंडीत ही क्रिया खूप मंदावते आणि दुप्पट दिवस लागू शकतात. तळ बाहेर काढा, ताजा कार्बन घाला, पाणी बदला.

मी आता प्रत्येक तुकडा आधी बादलीत तपासतो. दहा दिवस सुकू देतो, मग खाऱ्या पाण्याच्या बादलीत एअरस्टोनसह आठवडाभर बुडवून ठेवतो, मध्ये एकदा पाणी बदलतो. पृष्ठभागावर न फुटणारा फेस, इंद्रधनुष्यासारखा तवंग किंवा रसायनाचा वास, यांपैकी काहीही दिसलं तर तुकडा परत बाहेर उन्हात. हा आठवडा वाचवायचा मोह खूप होतो. वाचवू नका.

टिकतो, पण खोटा दिसतो

हा बिघाड वेगळा असला तरी त्याच्यामुळेही लोक तळ पुन्हा पुन्हा उचकटतात, म्हणून इथेच घेतो.

एकाच पिशवीतली, एकाच मापाची वाळू सपाट शीटवर चिकटवली की ती पॉलिश पेपरसारखी दिसते. प्रवाळभिंतीजवळची वाळू एका मापाची नसतेच, कारण ती वेगवेगळ्या शरीरांचे तुकडे असते. पॅरटफिश मेलेल्या कोरलचा पृष्ठभाग चावतो, घशातल्या दातांनी त्याचं पीठ करतो आणि ते बारीक वाळू म्हणून बाहेर टाकतो. हॅलिमेडा नावाच्या शेवाळाचे चुन्याचे चपटे तुकडे त्यात मिसळतात, शिवाय शंखांचे कपचे, समुद्री साळिंदरांच्या काट्यांचे तुकडे, फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जिवांची सूक्ष्म कवचं. खडकाच्या बुंध्याशी भरड तुकडे पडलेले असतात आणि खडकाच्या आडोशाला, जिथे पाणी मंदावतं, तिथे बारीक कण बसतात.

हीच मांडणी चिकटवताना करा. माझं प्रमाण असं: एक ते दोन मिलिमीटरची वाळू सहा वाट्या, अर्धा ते एक मिलिमीटरची तीन वाट्या, आणि तीन ते आठ मिलिमीटरचे कोरलचे व शंखांचे तुकडे एक वाटी. पण हे सगळं एकत्र कालवून पेरू नका. आधी भरड तुकडे खडकाच्या बाजूच्या कडेला हाताने बसवा, विरळ होत होत तुकड्याच्या मध्यापर्यंत आणा. मग मधली वाळू, आणि जिथे पॉवरहेडचा झोत पोचत नाही त्या बाजूला बारीक. झोताच्या तोंडाशी बारीक वाळू दिसली की मन लगेच म्हणतं, ही इथे राहिलीच कशी? का ते सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं.

उंचसखलपणाही हवा. शीटवर पीव्हीसीच्या पट्ट्यांचे एकावर एक तुकडे चिकटवून खडकाकडे चढत जाणारा हलका उतार करा, पायऱ्या एपॉक्सी पुटीने बुजवा आणि त्यावर वाळू. दोन सेंमीचा चढ पुरतो. त्याहून जास्त खोल घळी करू नका, तिथे गाळ बसतो.

तुकड्यांचे सांधे सरळ कापू नका. नागमोडी कापा आणि सांध्यावर मोकळे पडलेले कोरलचे तुकडे ठेवा. समोरच्या काचेला टेकणारी कड हे सगळ्यात जास्त उघडं पडणारं ठिकाण, तिथे शीटची जाडी पट्टीसारखी दिसते. मी तुकडा काचेपासून एक सेंमी मागे ठेवला, त्याच्या उभ्या कडेलाही वाळू चिकटवली आणि मधल्या चरात भरड मोकळी वाळू भरली. काचेतून बघताना पहिली नजर या खऱ्या वाळूवर पडते, आणि मागचा सगळा तळ तिच्या जिवावर खरा वाटतो. शिवाय शीटला वाढायला-आकसायला जागा मिळते. चरातली वाळू दर पाणीबदलाला नळीने ढवळून घ्यावी लागते.

शेवाळ, सायनो आणि जांभळा रंग

नवीन तळावर पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी डायटमचा (सूक्ष्म शेवाळाचा) लेप येतो. जाऊ द्या, तो आपोआप ओसरतो. लाल, गुळगुळीत पापुद्र्यासारखा सायनो (सायनोबॅक्टेरिया) एकाच जागी परत परत येत असेल तर त्या जागी प्रवाह पोचत नाही असं समजा. चिकटवलेल्या वाळूच्या खळग्यांत गाळ अडकतो आणि सायनो त्यावर पोसतो. पॉवरहेडचा कोन असा बदला की झोत समोरच्या काचेवर आपटून खाली तळावरून मागे जाईल. आठवड्यातून एकदा मोठ्या पिचकारीने तळ झटकून घ्या.

वर्षभरात कोरलाइन, म्हणजे चुन्याचा कडक थर करणारं शेवाळ, वाळूवर चढतं आणि तळ जांभळा-गुलाबी व्हायला लागतो. कोरल वाढावेत म्हणून आपण कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएमच्या मध्ये आणि क्षारता ८ ते ९ डीकेएच (क्षारतेचं एकक) ठेवतो. कोरलाइनलाही नेमकं तेच आवडतं. मोकळी वाळू सतत उलटीपालटी होते म्हणून तिच्यावर ते टिकत नाही. इथे कण हलत नाहीत, तेव्हा ते येणारच.

इथे एक चूक फार महागात पडते. कोरलाइन काढायला तुकडा व्हिनेगरमध्ये किंवा पातळ ॲसिडमध्ये बुडवू नका. पंपांसाठी ती पद्धत बरोबर आहे, पण आपली वाळू आणि कोरलाइन दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड दोन्ही खातं. बुडबुडे थांबतात तेव्हा शीटवर एपॉक्सीचे रिकामे खळगे उरलेले असतात. त्याऐवजी तुकडा बाहेर काढून पातळ ब्लीचमध्ये एक दिवस ठेवा. ब्लीच रंग आणि सेंद्रिय भाग घालवतं, चुन्याला हात लावत नाही. मेलेलं कोरलाइन पांढरं पडून वाळूतच मिसळून जातं. नंतर भरपूर धुवा, सोडियम थायोसल्फेटच्या पाण्यात बुडवून क्लोरीन घालवा, पुन्हा धुवा आणि दोन दिवस उन्हात वाळवा. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

मी एक जास्तीचा तुकडा करून ठेवलाय, समोरच्या तुकड्याच्या अगदी मापाचा. एक टँकमध्ये, एक उन्हात.

एखाद्याच ठिकाणी टक्कल पडलं असेल तर तुकडा काढायचीही गरज नाही. कोरलचा एखादा चपटा तुकडा घ्या, त्याच्या खाली जेल सुपरग्लू लावा आणि पाण्यातच त्या जागी दाबून बसवा. तळाला शोभतो आणि डाग झाकला जातो.

वाळूत शिरणारे जीव

हॅलिकोरीस जातीचे रॅस मासे रात्री वाळूत शिरून झोपतात आणि घाबरले की डोकं खाली करून वाळूत सूर मारतात. चिकटवलेल्या तळावर तो सूर दगडावर बसतो. माझ्याकडच्या एका रॅसच्या जबड्याला पहिल्याच संध्याकाळी जखम झाली होती आणि तो दोन दिवस खात नव्हता. वाळू चाळून खाणारे डायमंड गोबी, बीळ करणारे जॉफिश, वाळूत दडणाऱ्या नॅसॅरियस गोगलगायी, यांनाही हा तळ उपयोगाचा नाही.

रॅस ठेवायचाच असेल तर खडकांच्या मागे सहा-सात सेंमी खोल बारीक मोकळ्या वाळूचा ट्रे ठेवा. जॉफिशला बारा सेंमीच्या पुढे खोली आणि वाळूत मिसळलेले भरड तुकडे लागतात, तरच त्याचं बीळ उभं राहतं. ट्रेच्या बाहेरच्या भिंतीलाही याच एपॉक्सीने वाळू आणि शंखांचे कपचे लावा, म्हणजे तो खडकाचाच भाग दिसतो. ट्रे मासा येण्याच्या आधी आत गेलेला हवा आणि प्रवाहाच्या आडोशाला हवा. पहिल्या संध्याकाळी दिवे मंद करून, नवीन मासा ट्रेच्या अगदी वर हलकेच सोडा. माझा दुसरा रॅस चार मिनिटांत ट्रेमध्ये शिरला. तेव्हापासून रोज दिवे बंद व्हायच्या अर्धा तास आधी तो त्याच कोपऱ्यातून आत जातो.